दोष तारेत की रस्त्यावर

जनार्दन,

तुझ्या शोकसभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा प्रयोग अजून यशस्वी झालेला नाही. पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती, तिच्या शेजारी सुनंदा. माझ्या आधी आपले संचालक बोलले होते आणि त्यांनी नेमकं उलट सांगितलं होतं. सभा संपल्यावर सुनंदा माझ्या शेजारून निघून गेली, माझ्याकडे न बघता. नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर असं ऐकावं लागल्यावर दुसरं कोणी काय केलं असतं?

ही हकिगत अर्धवट कळलेली तुला चालणार नाही, म्हणून सगळीच लिहिते.

आपली सुरुवातही भांडणानेच झाली होती. प्रयोगशाळेसाठी जागा बघायला आपण पनवेलच्या बाहेरच्या त्या इमारतीत गेलो होतो. तोवर आपली ओळख म्हणजे एका चर्चासत्रात बरोबर प्यायलेला चहा, एवढीच. तळमजल्यावरची रिकामी खोली मला आवडली होती. तेवढ्यात बाहेरून कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणारा ट्रक गेला आणि तुझ्या हातातल्या चुंबकीय मापकावरचा आकडा हलला. मी म्हटलं, "संपलं. इथे नको." आपले अणू चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने धरायचे आणि दारावरून दिवसभर पोलाद जाणार. तू म्हणालास, "इथेच." कारण विचारलं तर म्हणालास, "ट्रक कुठे नाहीत?"

हे काही कारण नव्हतं. खरं कारण मला पुष्कळ नंतर कळलं, तुझ्या घरी जेवताना. तुझी आई उरणच्या बाजूचं गाव सोडायला तयार नव्हती. मिठागर केव्हाच गेलं होतं, त्या जागेवर कंटेनर रचलेले होते, तरी ती म्हणत होती, "आमी कुटं जानार नाय." म्हणून तू पुण्याची नोकरी नाकारलीस आणि तिच्या गावापासून स्कूटरने जाता येईल अशा जागी प्रयोगशाळा काढलीस. हे मला आधी सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी एवढा वाद घालत बसले नसते. पण मग तू जनार्दन कसला?

आपण काय करतो हे आईला समजावून सांगायचा तू त्या जेवणाच्या वेळी केलेला प्रयत्न मला अजून जसाच्या तसा आठवतो. काचेच्या एका डब्यातली हवा काढून टाकायची. त्यात रुबिडियम नावाच्या धातूची कणभर वाफ सोडायची. सगळ्या बाजूंनी लेझरचा उजेड टाकून तिचे अणू इतके हळू करायचे की ते जवळजवळ थांबतात. थांबले म्हणजेच गार झाले. डब्यात नखाएवढी चिप, चिपवर केसाहून बारीक सोन्याची तार. तारेतून वीज सोडली, बाहेरून आणखी एक चुंबकीय क्षेत्र दिलं, की तारेच्या लगत, तिला न शिवता, एक न दिसणारी पन्हळ तयार होते. गार अणू त्या पन्हळीतून वाहत जातात.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोन्याची हाय? मंग कुलूप लावता ना?"

सुनंदा हसून हसून पाणी प्यायला उठली होती.

पुढे ती तार फुटून दोन तारा होतात आणि तिच्याबरोबर अणूंची धारही फुटते. त्या जागेला तू पहिल्याच दिवशी 'पळस्पे' म्हणालास. पळस्पे फाट्यावरून एक रस्ता गोव्याला जातो आणि एक पुण्याला, म्हणून आपली डावी तार गोवा आणि उजवी पुणे. बाहेरच्या पाहुण्यांना आपलं बोलणं कळायचंच नाही. "आज पळस्प्याला फार अडकलेत." "गोव्याकडे जास्त चाललेत, पुण्याचा करंट थोडा वाढव." आपली पीएच.डी.ची विद्यार्थिनी फिरोजा, ती तर पनवेलचीच. तिने प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात सरळ पळस्पे लिहून ठेवलं होतं. तू ते वाचूनही खोडलं नाहीस. मला खोडावं लागलं.

धार पहिल्यांदा नीट फुटली तो दिवस आठव. पडद्यावर एका धुरकट ठिपक्याचे दोन ठिपके झाले, आणि पुन्हा केलं तरी दोनच झाले. फिरोजाने टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसून राहिले. तू पडद्याजवळ गेलास, चष्मा वर केलास आणि म्हणालास, "बरं. पुढे?"

मला ते जाहीर करायचं होतं. आपल्याकडच्या सामानात, आपण स्वतः जोडलेल्या डब्यात एवढं जमणं काही कमी नव्हतं. तू ऐकेनास. दुपारी करंजाहून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी तुझ्या डब्यात होती. ती खाता खाता वाद सुरू झाला आणि डबे धुऊन झाले तरी चालूच होता.

"गर्दी फाट्यावर वाटली जाते," तू म्हणालास. "अर्धी इकडे, अर्धी तिकडे. त्यात आपण काय केलं? ते तर नळाचं पाणीही करतं."

"मग तुला काय हवंय?"

"एकेक अणू दोन्हीकडून गेला पाहिजे. आणि तसा गेला याची खूण दिसली पाहिजे."

ती खूण म्हणजे पट्टे. दोन्ही धारा पुन्हा एकमेकींवर आणल्या आणि प्रत्येक अणू खरोखर लाटेसारखा दोन्ही वाटांनी आलेला असेल, तर चित्रात उजळ-काळे-उजळ-काळे असे पट्टे उमटतात. नुसती गर्दी वाटली गेली असेल तर एक भुरकट डाग उमटतो. पट्टे आले की ते चित्र जमिनीखालच्या पोकळीपासून आगगाडीच्या हलण्यापर्यंत पुष्कळ काही मोजू शकतं. डाग काही मोजत नाही. तुझं म्हणणं तत्त्वाने बरोबर होतं. तरीही मला अजून वाटतं की आपण फुटलेली धार तेव्हाच जाहीर करायला हवी होती. पट्ट्यांची वाट बघत तू तिला कपाटात ठेवलीस. फिरोजाचं एक वर्ष त्यात गेलं. यावर माझं मत बदललेलं नाही, तू गेलास म्हणून बदलणारही नाही.

पट्टे मात्र आले नाहीत. कधी वाटायचं काहीतरी आहे, पुढच्या चित्रात पुन्हा डाग. इथून आपलं खरं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही.

तू म्हणायचास दोष बाहेर आहे. ट्रक, रेल्वे, शेजारच्या इमारतीचं बांधकाम. याला आधारही होता. दर थोड्या वेळाने आपले ठिपके एकदम सरकत आणि कुणालाच कारण सापडत नव्हतं, तेव्हा ते लिफ्टमुळे होतं हे तूच शोधून काढलंस. मग लिफ्टच्या दारात खुर्ची टाकून बसलास आणि प्रयोग चालू असताना कुणालाही आत जाऊ देईनास. संचालकांनाही तू जिन्याने चढवलंस. ते वर पोचून दम खात होते आणि तू खालून ओरडलास, "सर, थँक यू, फार छान चित्र आलं!"

मी म्हणायचे दोष तारेत आहे. सोन्याच्या तारेची कड सरळ नसली की वीज वाकडी-तिकडी वाहते, पन्हळीत खाचखळगे पडतात आणि अणूंच्या गुठळ्या होतात. आपल्या चित्रांत त्या गुठळ्या कायम एकाच जागी दिसत, गोव्याकडच्या तारेवर, फाट्याच्या जरा पुढे. "ट्रक रोज वेगळे," मी म्हणायचे. "गुठळ्या त्याच जागी. मग ट्रकचा काय संबंध?" तुझं उत्तर तयार असे. "गुठळ्या असू देत. रोज तशाच राहतात ना? मग त्या पट्टे पुसणार नाहीत. पट्टे पुसतं ते दर वेळी बदलणारं काहीतरी. आणि दर वेळी काय बदलतं? रस्ता."

दोघांच्याही म्हणण्यात दम होता, म्हणून तर मिटत नव्हतं. तारेचा निकाल लावायचा तर डबा उघडून चिप बाहेर काढायला हवी. उघडला की आतली निर्वात पोकळी गेली. मग पुन्हा जोडणं, पुन्हा दिवसेंदिवस तापवणं, पुन्हा पंप लावून वाट बघणं. नवी चिप बसवून पहिली धार वाहीपर्यंत कित्येक महिने. तू उघडू देत नव्हतास.

मधल्या काळात माझे वडील आजारी होते आणि मी खारघरच्या घरातून हलू शकत नव्हते, ते दिवस मला सांगायचे आहेत. वडील मला ओळखेनासे झाले होते. रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. "कशी आहेस" असं तू एकदाही विचारलं नाहीस. "आज गोव्याकडे जास्त गेले." "लेझर रुसलाय." "फिरोजाने नवा कॉइल गुंडाळला, तुझ्यापेक्षा बरा जमलाय." मी त्यावर काहीतरी तिखट बोलायचे आणि फोन ठेवायचे. तेवढं बोलणं हेच दिवसातलं माझं शहाण्या माणसासारखं बोलणं असे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तुला ते आवडलं नसतं हे खरं, पण मानायला हवे होते.

मग तू आजारी पडलास. तू तेही कॉइलच्या बातमीसारखंच सांगितलंस, चहा ओतता ओतता. उपचार सुरू झाले, तू बारीक होत गेलास, तरी स्कूटर सोडून रिक्षाने येत राहिलास. शेवटी येणंही थांबलं. पनवेलच्या त्या हॉस्पिटलात तुला भेटायला आले तेव्हा खिडकी रस्त्याकडे होती आणि खालून ट्रक जात होते. तू हसून त्यांच्याकडे बोट दाखवलंस.

मी ठरवूनच आले होते. म्हटलं, "जनार्दन, मी उघडणार आहे. नवी चिप तयार आहे."

"उघडलंस तर किती महिने जातील माहीत आहे ना?"

"जाऊ देत."

"माझ्याकडे तेवढे नाहीत, मीरा."

ते तू रडवेल्या आवाजात म्हणाला असतास तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. तू हिशेब सांगावा तसं म्हणालास. सुनंदा संत्रं सोलत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, "बरं. नाही उघडत." तू मान डोलावलीस आणि लगेच विचारलंस, प्रयोग चालू असताना लिफ्ट वापरू नका, अशी पाटी लिफ्टवाल्यांनी लावली का. आपण पाटीवर बोललो. त्यानंतर तुझी माझी भेट झाली नाही.

तू गेलास त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रकवाल्यांचा संप झाला. कळंबोलीहून एक चाक हलत नव्हतं. रस्त्यावर कुत्री झोपली होती. मी आणि फिरोजाने एकमेकींकडे बघितलं आणि लेझर सुरू केले. दुपारी ती ओरडली, "मॅडम, इकडे या! मॅडम, हे बघा ना!" पडद्यावर पट्टे होते. भास नव्हता, उजळ-काळे-उजळ-काळे, मोजता येतील असे. फिरोजा तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. "सर बरोबर होते. सर बरोबर होते मॅडम, या अल्ला, आठ दिवस आधी संप झाला असता तर!"

मलाही तसंच वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही. तू जिंकलास, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की हरल्याची लाज वाटली नाही.

पुढचं चित्र घेतलं. डाग. त्याच्या पुढचं, डाग. दुसऱ्या दिवशीही संप होता, रस्ता तितकाच रिकामा. दिवसभर चित्रं घेतली. एकातही पट्टा नाही. म्हणजे रस्ता शांत असला तरी पट्टे येतीलच असं नाही. म्हणजे तुझंही सिद्ध झालं नाही आणि माझंही नाही. एकाच चित्राला तू काय म्हणाला असतास ते मी फिरोजाला सांगायची गरज नव्हती. तिनेच ते चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं.

पण बातमी बाहेर गेली. संचालकांनी मला शोकसभेच्या आधी बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही तो, तुला माहीत आहे. म्हणाले, "मॅडम, कुटुंब आलंय. त्यांच्या म्हातारीला काहीतरी घेऊन जाऊ दे." मी म्हटलं, एका चित्रावर काही बोलू नका. ते बोलले. त्यांनी सांगितलं की तुझं स्वप्न तुझ्या मागे, तुझ्याच प्रयोगशाळेत, पूर्ण झालं. सभागृहात सगळ्यांचं डोळे पुसणं चालू होतं. सुनंदाच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, जरा उजेड आला होता. तिने आईचा हात दाबला.

आणि माझं नाव पुकारलं गेलं.

मी लिहून आणलेलं बाजूला ठेवलं. म्हटलं, "जनार्दनने अणूंची धार फोडून दाखवली. ते त्याचं काम आहे आणि ते पक्कं आहे. पुढचं एक चित्र आम्हाला एकदाच मिळालं, पुन्हा मिळालं नाही. त्याच्या नावावर ते आज लावता येणार नाही. काम अजून व्हायचं आहे." बस्स, एवढंच. खाली बसले तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आईने मात्र बघितलं. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मंग कवा व्हनार?"

"माहीत नाही, आई," मी म्हटलं.

"बगा," ती म्हणाली, आणि पदर सावरून बसली.

सुनंदा आठवडाभर फोन उचलत नव्हती. मग एका सकाळी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी. शाळेतून आली होती, खेळाच्या तासाची शिट्टी अजून गळ्यात. इतक्या वर्षांत ती आत कधी आलीच नव्हती. तू तिला कधी बोलावलं नाहीस आणि तिने विचारलं नाही, असं तीच म्हणाली.

"एक दिवस खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं ग?"

"काही नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग?"

"मला जमलं नाही, सुनंदा."

ती टेबलापाशी गेली. आरसे, तारा, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेले पाइप, सगळं बघत राहिली. मग म्हणाली, "मला राग याचा नाही आला. तू बोललीस तेव्हा वाटलं, तोच बोलतोय. घरी तो असाच बोलायचा. स्वयंपाक कसा झालाय विचारलं तर खरं सांगायचा. मला त्या दिवशी तसला माणूस नको होता."

मी तिला फुटलेली धार दाखवली. पडद्यावर दोन ठिपके. "एवढंसं?" ती म्हणाली. "एवढंसंच," मी म्हटलं. ती खुर्ची ओढून बसली आणि आम्ही चहा मागवला. आता पुढे काय, असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला तारेचं आणि रस्त्याचं सगळं भांडण सांगितलं. हॉस्पिटलमध्ये मी तुला काय कबूल केलं ते तिने ऐकलेलंच होतं.

"त्याला सांगितलंस नाही उघडत म्हणून. ते तो होता तोवर," ती म्हणाली. "आता उघड. तुम्ही दोघं भांडत होतात ते कुणीतरी संपवायला नको का? उघडशील तेव्हा मला बोलव."

काल उघडलं. आधी आत कोरडा नायट्रोजन भरला, तुझी पद्धत होती तशीच, बाहेरची दमट हवा एकदम आत शिरू नये म्हणून. लेझर बंद होते, लिफ्ट चालू होती, रस्त्यावर नेहमीसारखे ट्रक. फिरोजाने आम्हा दोघींना हातमोजे दिले. मी पाना सुनंदाच्या हातात दिला आणि कुठला बोल्ट ते दाखवलं. ते सगळे तू आवळलेले होते, एकेक, समोरासमोरचे, आमच्यापैकी कुणाला हात लावू न देता.

पहिला हलेचना. सुनंदाने पाय रोवले, खांदा लावला, तरी हलला नाही. "काय आवळलंय या माणसाने!" ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मी माझे हात तिच्या हातांवर ठेवले. दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा तो कुरकुरला आणि सुटला.